कणेरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम: या दिवसांत आजी-आजोबांना आणि पोरांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

राजारामपुरीकर | ६ फेब्रुवारी २०२१

घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आणि तिसरीतलं एक पोर, अशांसाठी मुद्दाम हा धागा काढतेय. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारीपासून भरायला लागले, पण धाकट्यांची शाळा अजून मोबाईलवरच आहे. मामंजी आणि आत्ती, म्हणजे माझे सासू-सासरे, कोरोनामुळं गेल्या मार्चपासून गल्लीच्या तोंडापलीकडं फारसे गेलेले नाहीत. १६ नोव्हेंबरला देवळं उघडली, तरी आत्तींनी अंबाबाईच्या शिखराला लांबूनच हात जोडले. दोघंही तब्येतीनं धड आहेत, पण बोलणं कमी झालं होतं. मला औषधगोळ्यांपेक्षा त्याची जास्त काळजी वाटत होती.

म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही पाचजण एका गाडीतून कणेरीला जाऊन आलो. पन्हाळा, जोतिबा, रंकाळा सगळ्याचा विचार झाला होता. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळेच्या गाड्यांपुढं खांद्याला खांदा लागतो. पन्हाळ्यावर पायऱ्या आणि चढ, मामंजींच्या गुडघ्याला ते झेपत नाही. कणेरीचं म्युझियम उघड्यावर, साधारण सात एकरांत पसरलेलं आहे, वाट बहुतेक सपाट आहे आणि बघणारी माणसं एकाच दिशेनं पुढं सरकत राहतात. त्यामुळं कुणी समोरासमोर अंगावर येत नाही. पुढचं कुटुंब एखाद्या देखाव्यापाशी रेंगाळलं तर आपण मागच्या झाडाखाली थांबायचं, एवढंच पथ्य.

जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी: हे कोल्हापूरजवळच्या कणेरीतल्या सिद्धगिरी मठाच्या आवारात आहे. सध्याचे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून ते उभं राहिलं. जुन्या स्वयंपूर्ण खेड्यातले ऐंशीच्या आसपास प्रसंग आणि तीनशेच्या वर माणसांचे पुतळे आहेत, शिवाय गाई, बैल, शेळ्या. मेणाचे नव्हेत, सिमेंटचे, म्हणून ऊन-पावसात टिकतात. पुतळे माणसाएवढेच आहेत आणि हातांच्या शिरा, धोतराच्या चुण्या, म्हाताऱ्यांच्या गळ्याची सैल कातडी इतकी नीट केली आहे की मुलगा पहिल्या वळणावर दबकून उभाच राहिला.

रस्ता सोपा. विद्यापीठावरून शाहू नाका, उजळाईवाडी, मग हायवेनं गोकुळ शिरगाव आणि तिथून आत कणेरी. राजारामपुरीतून बारा-तेरा किलोमीटर धरा. निघण्याआधी फोन करून चालू आहे का, वेळ काय, हे विचारून घ्या, कारण नियम सारखे बदलतायत.

आता मला खरं सांगायचंय ते. आम्ही मामंजींना फिरवून आणायला म्हणून नेलं होतं. तिथं गेल्यावर त्यांनीच आम्हाला फिरवलं.

मोटेच्या (बैलांनी ओढून पाणी काढायच्या चामडी पिशवीच्या) विहिरीपाशी ते जे थांबले ते हलेनात. त्यांचं लहानपण भुदरगडाकडचं. नातवाला हाताशी धरून त्यांनी सांगायला सुरुवात केली: जाड दोर तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक दोर तो सोंदूर, तो खालच्या रहाटावरून जातो आणि मोटेचं तोंड धरून ठेवतो. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतरत्या वाटेवरून, उतरणीला चालले की मोट भरून वर येते, आणि तोंड थारोळ्यावर (पाणी पडायच्या कुंडावर) आलं की पाणी आपोआप ओततं, माणसाला हात लावावा लागत नाही. मग पाटानं पाणी उसाला. "आणि बैल परत वर कसे येतात?" पोरानं विचारलं. "पाठमोरं! मागं सरकत सरकत. त्यासाठी बैल शिकवायला लागतोय, कुठलाबी बैल मोटेला चालत नाही." हे मलाही माहीत नव्हतं. मी या घरात सून होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांचे वडील पहाटे मोटेवर गाणी म्हणायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं लोहाराचा भाता, सुताराची वाकस, तेल्याचा घाणा, कुंभाराचं चाक, न्हावी, सोनार, वैद्य, वासुदेव, मेंढरं घेऊन निघालेला धनगर. प्रत्येक ठिकाणी मुलाचा एकच प्रश्न: "याला पगार कोण देतो?" त्यावर मामंजींनी बलुतं समजावलं. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, रोख पैसा नाही. आत्ती जात्यापाशी बोलत्या झाल्या. त्यांनी दोन ओव्या म्हटल्या, मास्कच्या आडून, पण स्पष्ट.

आमच्या चुलत नणंदेच्या घरी पण असेच दोघं म्हातारे बसून आहेत. तिला मी सांगितलं आणि तुम्हालाही सांगते: अशा जागी आजी-आजोबांना सोबत न्यायलाच पाहिजे. आपल्याला तिथं फक्त पुतळा दिसतो. तो पुतळा काय करतोय हे त्यांना माहीत असतं, कारण त्यांनी ते काम केलंय किंवा दारात बसून बघितलंय.

कुणी अलीकडं गेलंय का? शनिवार-रविवारी किती गर्दी असते?

कागलचा_पाव्हणा | ६ फेब्रुवारी

लई भारी लिहिलंय वहिनी. रविवारी जाऊ नका एवढंच सांगतो. आम्ही मागच्या रविवारी गेलतो, दहाच्या आत बरं होतं, अकरानंतर निपाणी, बेळगाव, सांगलीकडच्या गाड्या लागल्या. पार्किंगपासनं रांग. मंगळवार, बुधवार सकाळ एकदम मोकळी.

सिस्टर_दुपारपाळी | ७ फेब्रुवारी

मी रुग्णालयात काम करते, लस घेतली आहे, तरी हे लिहिणं गरजेचं वाटतं.

बाहेर उघड्यावर धोका कमी, हे बरोबर. पण कणेरीत सगळंच उघड्यावर नाही. सुरुवातीला गुहेसारख्या वाटेनं जावं लागतं, तिथं पाणिनी, चरक, कणाद, वराहमिहिर अशा प्राचीन ऋषी-शास्त्रज्ञांचे पुतळे आहेत. जागा अरुंद आणि वारा कमी. तिथं पुढचा घोळका पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबा, मग आत शिरा, आणि माहितीचे फलक वाचत उभे राहू नका. चरकाबद्दल पोराला घरी येऊन सांगा.

दुसरं म्हणजे जेवण. लोक चार तास मास्क लावून फिरतात आणि मग सगळे एका चटईवर गोल करून, मास्क काढून, हसत-बोलत जेवतात. लागण व्हायची ती तिथं होते. डबा घरचाच न्या, पण घरात एकत्र राहणाऱ्यांनी एकीकडं आणि दुसऱ्या घरच्यांनी दुसरीकडं बसा. ताटल्या वेगळ्या, वाढणारा एकच माणूस, हात साबणानं धुऊन. सहा फूट म्हणजे दोन माणसांनी हात पसरले तर बोटं एकमेकांना लागतील एवढं अंतर. पोरांना असं दाखवलं की लगेच समजतं.

तिसरं, गाडी. आपल्याच घरातली माणसं असतील तर काही नाही. शेजारच्यांना घेतलं असेल तर काचा खाली करा.

म्हाताऱ्यांना घरात कोंडून ठेवू नका, हे मी पण सांगेन. चालणं थांबलं की पाय जातात. गेल्या सहा महिन्यांत पाय घसरून पडलेली म्हातारी माणसं मी फार बघितली.

राजारामपुरीकर | ७ फेब्रुवारी

सिस्टर, मनापासून आभार. आम्ही धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा घेऊन गेलो होतो, पाचहीजण एकाच घरचे असल्यानं एकत्र बसलो. नणंदेबरोबर जाणार आहे तेव्हा तुम्ही सांगितलं तसंच करेन.

शाहूनगरी | ७ फेब्रुवारी

म्युझियम मीही पाहिलंय, कलाकारांच्या हाताला दाद द्यायलाच हवी. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तिथलं गाव फार गोड आहे. सगळे कामात, सगळे समाधानी. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका दिसतात, पण त्या विहिरीवर कुणाला चढू देत नव्हते, ते दिसत नाही. बलुतं म्हणजे कामाच्या बदल्यात धान्य, एवढंच मुलाला सांगितलं तर ते अर्धंच झालं. कुणाचं बलुतं थोरल्या ओळीत (वाटा जास्त), कुणाचं धाकट्या ओळीत (वाटा कमी), हे ठरलेलं होतं. काम सोडायची मुभा नव्हती. बाप जे करतो तेच पोरानं करायचं. महार वतनाच्या नावाखाली माणसं दिवसरात्र गावाची आणि सरकारची फुकट कामं करत होती.

आणि आपण कोल्हापूरचे आहोत. हे मोडायला सुरुवात आपल्याच गावात झाली. १९०२ साली शाहू महाराजांनी राखीव जागांचा हुकूम काढला, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१८ ला महार वतन बंद केलं. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेले गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं थांबून चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला. पोराला कणेरी दाखवून परत येताना हे सांगायला गाडीत अर्धा तास असतोच.

आज सगळे अंतर ठेवा, शिवू नका म्हणतात, तेव्हा मला हे फार आठवतं. रोगापायी सहा फूट लांब उभं राहणं आणि जन्मापायी लांब उभं केलं जाणं यातला फरक मुलांना आत्ताच कळला पाहिजे.

कागलचा_पाव्हणा | ७ फेब्रुवारी

दादा, बरोबर हाय तुमचं. पण सहलीला गेलेल्या पोरांना लगेच एवढं जड कशाला? पहिल्यांदा बघू दे, आवडू दे. आमची पोरं नांगर कुठला आणि कुळव कुठला ओळखत नाहीत. पेरायची पाभर दाखवली तर एकजण म्हणाला, हे काय चारचाकी हाय काय.

आव्यावरची | ८ फेब्रुवारी

मी इचलकरंजीत असते, माहेर हातकणंगले तालुक्यातलं, कुंभार घर. त्यामुळं वरच्या दोन्ही बाजूंबद्दल मला बोलायचंय.

माझी आज्जी अजून आहे. तिच्या तोंडून ऐकलेलं असं: सुगीला तिची सासू पाटी घेऊन खळ्यावर जायची. मालक भला असला तर पाटी भरायची, नसला तर "संध्याकाळी ये" म्हणायचा, संध्याकाळी "उद्या ये". वर्षभर त्याच्या घरातली मडकी, रांजण, लग्नातल्या बोहल्याच्या उतरंडी, सुगडं सगळं आम्ही दिलेलं. आज्जी म्हणते, त्या वाट बघत उभं राहण्याची लाज कामापेक्षा जास्त दमवायची. तेव्हा शाहूनगरी म्हणतात ते खरं आहे, आमच्या घरानं ते भोगलंय.

पण तीच आज्जी मडक्याचा आवाज ऐकून ते कच्चं की पक्कं सांगते. घोड्याची लीद किती आणि राख किती घातली की माती तडकत नाही, हे तिच्या बोटांना कळतं. चाकावर काढलेलं मडकं लहान आणि जाड असतं, ते आतून गोळा धरून बाहेरून थापीनं चोपत चोपत मोठं करायचं असतं, हे किती जणांना माहीत आहे? चाक पुरुषानं फिरवायचं, पण माती चाळणं, तुडवणं, लीद मिसळणं, आवा (मडकी भाजायची भट्टी) रचायला हात लावणं हे सगळं बायकांचं. ही विद्या आहे. ती करणाऱ्याला कमी लेखलं गेलं म्हणून विद्याच विसरून जायची का? मला दोन्ही सांगायचंय माझ्या मुलींना.

आज्जीला कणेरीला न्यायची इच्छा या धाग्यामुळं झाली. पण तिला दमा आहे. सिस्टर, थांबू का?

सिस्टर_दुपारपाळी | ८ फेब्रुवारी

ताई, दमा असेल तर थांबा. साठीच्या वरच्यांना लस लवकरच मिळेल अशी चिन्हं आहेत. दोन डोस होऊ द्यात, त्यानंतर पंधरा दिवस जाऊ द्यात. म्युझियम कुठं पळून जात नाही.

शाहूनगरी | ८ फेब्रुवारी

आव्यावरची, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी जे अर्धं म्हणालो होतो त्याचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सांगितलात. आज्जीकडून मातीचं सगळं लिहून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा.

माळावरची_झोपडी | ९ फेब्रुवारी

अंतर ठेवण्यावरून एक भर घालतो. आमच्याकडं करवीर तालुक्यात जुनी माणसं प्लेगाच्या गोष्टी सांगायची. गावात उंदीर मरून पडायला लागले की घरंदारं सोडून सगळं गाव माळावर जायचं. कुडाच्या झोपड्या लांब लांब घालायच्या, जनावरं तिथंच, चूल तिथंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेग आला तेव्हा शाहू महाराजांची कारकीर्द नुकती सुरू झाली होती, त्याच सुमाराला दुष्काळही होता. संस्थानानं लोकांना बाहेर राहायला सोय करून दिली. गेल्या वर्षी टाळेबंदी ज्या कायद्यांच्या आधारानं लागली त्यातला १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगाच्या वेळचा.

माझी पणजी माळावरच जन्मली असं घरात सांगतात. कणेरीतलं खेडं बघताना माझ्या मनात येतं ते हे, की या अशा गावानं साथी पण बघितल्यात आणि माणसं त्यातून परत घराला आलीत. मुलांना आजोबांनी हे सांगितलं तर आत्ताच्या बंद शाळेची भीती थोडी कमी होते. आमच्या मुलीची झाली.

राजारामपुरीकर | ९ फेब्रुवारी

हे मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या गावातही एका माळाला अजून "प्लेगाचा माळ" म्हणतात. हे पण आम्हाला कधी सांगितलं नव्हतं! शाहूनगरी, तुमचं म्हणणंही वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खरं हाय. आमच्या विहिरीवर पण तसंच हुतं." नातू शेजारीच होता, त्यानं "कसं?" विचारलं आणि मामंजींनी सांगितलं. सोपं नव्हतं त्यांना.

कागलचा_पाव्हणा | २३ मार्च २०२१

धागा वर काढतोय. सध्या कुणी ठरवू नका. केसेस पुन्हा वाढल्यात, आमच्या गल्लीतच दोन घरं बंद. सगळ्यांनी जपा.

सिस्टर_दुपारपाळी | २४ मार्च

सहमत. साठीच्या वरच्यांचं लसीकरण १ मार्चपासून चालू आहे, त्या रांगेत आधी न्या. सहल नंतर.

आव्यावरची | १४ नोव्हेंबर २०२१

मध्ये फार काही झालं. एप्रिलमध्ये सगळं परत बंद, जुलैत महापूर, हायवे पाण्याखाली. आमच्याकडं दोन जवळची माणसं गेली. त्यावर इथं लिहीत नाही.

आज्जीचे दोन्ही डोस झाले. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, देवळं उघडली, पण दिवाळीची गर्दी ओसरू दिली आणि या आठवड्यात बुधवारी सकाळी तिला कणेरीला घेऊन गेलो. मास्क सगळ्यांना, इनहेलर पर्समध्ये. गुहेच्या वाटेत सिस्टर म्हणाल्या तसं थांबलो, दोन घोळके पुढं जाऊ दिले. मागच्यांना हात करून "थोडं थांबा" म्हटलं, तेही थांबले.

कुंभाराच्या देखाव्यापुढं आज्जीनं पहिल्यांदा मडक्यांच्या रचनेकडं बघितलं. मग मुलींना एकेक करून सांगत गेली: पाण्याचा डेरा कसा, दुधाचं गाडगं कसं, रांजणाचं बूड का जाड. बाजूला सांगलीकडचं एक कुटुंब उभं होतं, तीन-चार पावलं लांब. त्यांची मुलगी ऐकत होती, तिनं विचारलं, "आज्जी, तुम्ही करायचा का?" आज्जी म्हणाली, "करत हुतो की! अजून हात हायत." त्या मुलीच्या आईनं विचारून व्हिडिओ काढला.

परत येताना मुलींनी खळ्यावरची गोष्ट विचारली, मीच आधी सांगून ठेवली होती. आज्जीनं नावं न घेता सांगितली. थोरलीनं विचारलं, "मग तू गेलीस का परत उद्या?" "जायलाच लागायचं, पोटं हुती घरात." धाकटीला ते पटलं नाही, ती रागावली. रागावू दे.

शाहूनगरी, रेकॉर्डिंग सुरू केलंय. मातीचा भाग झाला, आता आवा रचण्याचा चालू आहे. कुणाकडं जुन्या कुंभारकामाचे फोटो असतील तर इथं टाका, आज्जीला दाखवून त्यातलं काय काय ते विचारते.

राजारामपुरीकर | १५ नोव्हेंबर

ताई, किती बरं वाटलं वाचून. मामंजींच्या गावच्या कुंभारवाड्याचा एक जुना फोटो आहे घरी, फ्रेममधून काढून आज संध्याकाळी टाकते. त्यात मागं आवा पेटलेला दिसतोय.